स्टँडर्ड एमएल: एकच प्रोग्रॅम तीन कंपायलरांवर वेगवेगळा वागतो, तर बरोबर कोणाला मानायचे?

जिज्ञासू (प्रश्न)

नमस्कार.

जुन्या मराठी मजकुरातले शब्द वेचून त्यांची सूची करणारा एक छोटा प्रोग्रॅम मी स्टँडर्ड एमएल भाषेत लिहिला आहे. लिहिताना मी न्यू जर्सीचा कंपायलर वापरतो (यापुढे त्याला नुसते 'एनजे' म्हणतो, माझ्याकडे त्याची ६४-बिट आवृत्ती आहे), कारण त्यात एकेक ओळ टाकून लगेच उत्तर पाहता येते. काम पुरे झाल्यावर वेगवान एक्झिक्युटेबल मिळावे म्हणून तोच प्रोग्रॅम एमएलटनला दिला. माझा एक मित्र पॉली एमएल वापरतो, म्हणून त्यालाही तो पाठवला. तिन्ही ठिकाणी मूळ मजकूर अक्षरशः एकच असूनही वागणूक वेगवेगळी निघाली.

पहिली अडचण हॅश, म्हणजे शब्दावरून ठरवलेली एक संख्या, काढणाऱ्या फंक्शनची आहे. शब्दातला एकेक बाइट घ्यायचा, आतापर्यंतच्या उत्तराला ३१ ने गुणायचे, बाइटचा क्रमांक मिळवायचा आणि १००००००००७ ने भागून बाकी ठेवायची, इतकेच त्यात आहे. एनजेवर हे व्यवस्थित चालते. एमएलटनने केलेले एक्झिक्युटेबल मात्र मजकुराच्या पहिल्याच ओळीवर ओव्हरफ्लोचे, म्हणजे संख्या मावत नसल्याचे, एक्सेप्शन देऊन थांबते. रोमन लिपीतले छोटे शब्द देऊन चाचणी घेतली होती तेव्हा काहीच झाले नव्हते.

दुसरी अडचण उलट बाजूची आहे. फाईलच्या सुरुवातीला मी रिकाम्या यादीचा एक 'रेफ' (ज्यातले मूल्य नंतर बदलता येते अशी जागा) ठेवला आहे आणि बऱ्याच खाली त्यात शब्द व संख्या यांच्या जोड्या भरल्या आहेत. एमएलटन याला बिनतक्रार मान्यता देतो. एनजे आधी टाइप व्हेरिएबल (अजून न ठरलेला टाइप) 'जनरलाइझ', म्हणजे सर्वसाधारण, झाले नाही अशी सूचना देतो आणि पुढे जोडी भरण्याच्या ओळीवर टाइप जुळत नाही म्हणून अडतो.

तिसरी अडचण मित्राकडची. फाईलींची नावे कमांड लाइनवरून वाचणारी ओळ कोणत्याही फंक्शनच्या आत नाही, ती सर्वांत वरच्या पातळीवर आहे. तिच्या खालीच वाचन सुरू झाल्याचे सांगणारी एक इंग्रजी ओळ छापली आहे. पॉली एमएलने एक्झिक्युटेबल तयार होत असतानाच ती ओळ पडद्यावर उमटते, आणि नंतर ते चालवताना दिलेले फाईलचे नाव प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतच नाही.

स्टँडर्ड एमएलची व्याख्या गणिती नियमांत लिहिलेली आहे आणि म्हणून ही भाषा इतरांपेक्षा अधिक निश्चित आहे, असे मी वाचत आलो आहे. मग तीन कंपायलरांत इतका फरक कसा? यातला कोणता कंपायलर चुकतो आहे, आणि तिन्हींवर सारखाच चालेल असा प्रोग्रॅम लिहायचा तर काय पाळावे लागते?

---

उंबरठा

प्रश्न नेमका मांडला आहे, त्यामुळे उत्तरही नेमके देता येईल. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही अडचणींत एकही कंपायलर चुकत नाही. व्याख्येने आणि बेसिस लायब्ररीने, म्हणजे भाषेसोबतच्या प्रमाण फंक्शनांच्या संचाने, काही गोष्टी जाणूनबुजून मोकळ्या सोडल्या आहेत, आणि तुमचा प्रोग्रॅम नेमका त्याच मोकळ्या जागांवर उभा आहे.

भाषेची व्याख्या प्रथम १९९० मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९९७ मध्ये सुधारून पुन्हा आली. तिच्यात व्याकरण, टाइप ठरवण्याचे नियम आणि मूल्य काढण्याचे नियम आहेत, आणि ते खरोखरच गणिती काटेकोरपणाने लिहिलेले आहेत. परंतु 'इंट', म्हणजे साधा पूर्णांक, किती बिटांचा असावा हे त्या नियमांत येत नाही. ते बेसिस लायब्ररीच्या हद्दीत येते, आणि ती लायब्ररीसुद्धा आकडा ठरवून देत नाही. कंपायलरने आपला आकडा 'इंट' मॉड्यूलमधल्या 'प्रिसिजन' (बिटांची संख्या) आणि 'मॅक्सइंट' (सर्वांत मोठा पूर्णांक) या दोन मूल्यांतून उघड करावा, एवढेच ती सांगते. ६४-बिट एनजेमध्ये प्रिसिजन ६३ येते. एमएलटनमध्ये, मशीन ६४-बिट असले तरी, मुळात ३२ येते. पॉली एमएलमध्ये ते कसे बांधले आहे त्यावर उत्तर अवलंबून असते: मर्यादित पूर्णांकांनिशी बांधले असेल तर ६४-बिट मशीनवर ६३, आणि अमर्याद पूर्णांकांनिशी बांधले असेल तर 'मर्यादा नाही' असे उत्तर मिळते. म्हणजे पॉली एमएलची एकच आवृत्ती दोन मशीनांवर दोन तऱ्हांनी वागू शकते. इसाबेल हा सिद्धता तपासणारा प्रोग्रॅम पॉली एमएलवरच चालतो आणि त्याला अमर्याद पूर्णांक लागतात, म्हणून त्याच्यासोबत येणारे पॉली एमएल त्या पद्धतीने बांधलेले असते. तुमच्या मित्राने ते तिथून घेतले असेल, तर त्याला ओव्हरफ्लो कधीच दिसणार नाही.

६३ हा विचित्र वाटणारा आकडा कुठून येतो, हे समजून घेण्यासारखे आहे. एनजे आणि पॉली एमएल मेमरीतल्या प्रत्येक कप्प्याचा एक बिट खूण म्हणून राखून ठेवतात, म्हणजे नको झालेली मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला समोरची गोष्ट पूर्णांक आहे की पत्ता, हे त्या बिटावरून कळते. एमएलटन संपूर्ण प्रोग्रॅम एकत्र घेऊन कंपाइल करतो, कोणती गोष्ट कुठे ठेवली आहे हे त्याला आधीच माहीत असते, त्यामुळे त्याला अशी खूण लागत नाही आणि पूर्ण ३२ किंवा ६४ बिट वापरता येतात. एनजेची ६४-बिट आवृत्ती २०२० च्या सुमारास आली. त्याआधी ६४-बिट मशीनवरही ३१ बिटांचाच इंट मिळत असे. त्या काळी शिकलेल्यांना तुमची पहिली अडचण एनजेवरच आली असती.

आता तुमचा हॅश हाताने काढून पाहू. 'घर' हा शब्द यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत सहा बाइटांचा होतो: घ साठी २२४, १६४, १५२ आणि र साठी २२४, १६४, १७६. पहिल्या तीन बाइटांनंतर उत्तर २२०५०० येते, चौथ्यानंतर ६८३५७२४, पाचव्यानंतर २११९०७६०८. इथपर्यंत सर्व कंपायलर एकाच वाटेवर आहेत. सहाव्या बाइटसाठी याला ३१ ने गुणले की ६५६९१३५८४८ होतात, आणि ३२-बिट इंटची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे. बाकी काढण्याची पाळी येण्याआधीच गुणाकार मर्यादेबाहेर गेलेला असतो, आणि बेसिस लायब्ररीचा नियम स्पष्ट आहे की अशा वेळी ओव्हरफ्लोचे एक्सेप्शन उठलेच पाहिजे. एनजेमध्ये हाच गुणाकार सहज मावतो आणि शेवटी ५६९१३५९८२ असे उत्तर मिळते.

रोमन लिपीतल्या चाचणीत हे का दिसले नाही, तेही यावरूनच कळते. लहान रोमन अक्षरांचे क्रमांक ९७ ते १२२ असतात आणि प्रत्येक अक्षर एकाच बाइटचे असते. अशी पाच अक्षरे कोणतीही घेतली तरी ३२ बिटांत मावतात, आणि सहावे अक्षर आले की सर्वांत लहान शब्दसुद्धा मर्यादा ओलांडतो. देवनागरीत प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन बाइटांची असते, त्यामुळे 'हो' इतका छोटा शब्दही सहाव्या बाइटला अडतो. मराठीतले बहुतेक सर्व शब्द या रेषेच्या पलीकडे आहेत.

उपाय दोन आहेत. एमएलटनला डिफॉल्ट टाइपचा पर्याय देऊन इंट ६४ बिटांचा करून घेता येतो. पण हा उपाय बांधणीच्या आज्ञेत राहतो, प्रोग्रॅमच्या मजकुरात येत नाही, आणि उद्या ती आज्ञा न वापरता कोणी प्रोग्रॅम बांधला तर अडचण जशीच्या तशी परत येते. मी दुसरा उपाय सुचवेन: हॅशची मधली आकडेमोड 'इंटइन्फ' या अमर्याद पूर्णांकांत करा आणि बाकी काढून झाल्यावर इंटमध्ये आणा. १००००००००७ ही संख्या ३१-बिट इंटमध्येही मावते, त्यामुळे शेवटचे रूपांतर सर्वत्र सुरक्षित आहे. थोडा वेग जाईल. वेग महत्त्वाचा असेल तर 'वर्ड ३२' चा मार्ग आहे, पण त्याविषयी एक इशारा आवश्यक आहे आणि तो खाली कोणीतरी देईलच.

---

कातळ

तो इशारा मी देतो, कारण माझ्या मते तो ओव्हरफ्लोपेक्षा गंभीर आहे.

हॅश लिहिताना अनेकजण ओव्हरफ्लो टाळण्यासाठी इंटऐवजी 'वर्ड' वापरतात. वर्ड हा चिन्हरहित पूर्णांक आहे आणि त्याची आकडेमोड मर्यादा ओलांडली की गुपचूप शून्यापासून पुन्हा सुरू होते. एक्सेप्शन उठत नाही. आता वर्ड किती बिटांचा, हेही लायब्ररीने कंपायलरवर सोडले आहे. ६४-बिट एनजेमध्ये तो ६३ बिटांचा आहे, एमएलटनमध्ये मुळात ३२ बिटांचा. 'घर' या शब्दाचा हॅश, बाकी न काढता, साध्या वर्डमध्ये घेतला तर एनजेवर ६५६९१३६०२४ येईल आणि एमएलटनवर २२७४१६८७२८. दोन्ही प्रोग्रॅम बिनबोभाट चालतील, दोघांच्या याद्या आपापल्या जागी बरोबर असतील, आणि एकाने लिहिलेली हॅशची फाईल दुसऱ्याने वाचली की एकही शब्द सापडणार नाही. ओव्हरफ्लो निदान आरडाओरडा तरी करतो.

म्हणून फाईलमध्ये उतरणारी किंवा दुसऱ्या मशीनवर जाणारी कोणतीही संख्या साध्या इंटमध्ये किंवा साध्या वर्डमध्ये ठेवू नये. बिटांची संख्या नावातच असलेला टाइप घ्यावा. 'वर्ड ३२' या तिन्ही कंपायलरांत आहे आणि त्याची वागणूक तिन्हीकडे सारखीच आहे.

---

सह्यवासी

दुसऱ्या आणि तिसऱ्या अडचणीबद्दल लिहितो.

रिकाम्या यादीच्या रेफची अडचण 'व्हॅल्यू रिस्ट्रिक्शन' या नियमातून येते. १९९० च्या व्याख्येत रेफसारख्या बदलत्या गोष्टींसाठी वेगळी 'इंपरेटिव्ह' टाइप व्हेरिएबल होती, आणि जुन्या एनजेमध्ये त्याहूनही गुंतागुंतीची 'वीक' टाइप व्हेरिएबलांची पद्धत होती. १९९७ च्या व्याख्येने हे सगळे काढून एकच सोपा नियम ठेवला: समानचिन्हाच्या उजवीकडची गोष्ट आधीच तयार मूल्य असेल, जसे की फंक्शन किंवा रिकामी यादी, तरच तिचा टाइप सर्वसाधारण करता येतो, तिथे काही मोजावे किंवा घडवावे लागत असेल तर करता येत नाही. रेफ तयार करणे म्हणजे मेमरीत नवी जागा घडवणे, त्यामुळे तुमच्या रेफचा टाइप 'कशाचीतरी यादी' असा अर्धवट राहतो. हा नियम नसता तर त्याच रेफमध्ये एका ओळीत आकडा टाकून दुसऱ्या ओळीत तो शब्द म्हणून बाहेर काढता आला असता, आणि मग टाइपांची सगळी हमीच संपली असती.

अर्धवट टाइपाचे पुढे काय करायचे, इथे कंपायलरांच्या वाटा फुटतात. व्याख्येची अट अशी आहे की सर्वांत वरच्या पातळीवर कोणतेही मोकळे टाइप व्हेरिएबल शिल्लक राहू नये. एनजे वरच्या पातळीवरची प्रत्येक घोषणा स्वतंत्रपणे कंपाइल करतो, त्यामुळे त्या ओळीपाशी त्याच्याजवळ पुढची माहिती नसते; तो त्या जागी 'एक्स १' सारखा एक बनावट टाइप बसवतो आणि तशी सूचना देतो. त्या बनावट टाइपात तुमची शब्द-संख्येची जोडी कधीच बसू शकत नाही, म्हणून खाली जाऊन चूक दिसते. सूचना वरच्या ओळीवर आणि चूक खालच्या ओळीवर असल्यामुळे लोक खालची ओळ तपासत बसतात. पॉली एमएलही अशाच तऱ्हेची सूचना देऊन एक नवा एकमेव टाइप बसवतो. एमएलटन सगळा प्रोग्रॅम वाचून झाल्यावर निर्णय घेतो. तोपर्यंत खालची ओळ त्याला कळलेली असते आणि टाइप पूर्ण झालेला असतो.

उपाय एका ओळीचा आहे आणि तो सर्वत्र लागू पडतो: रिकाम्या यादीला जागच्या जागी टाइप द्या, म्हणजे ही शब्द आणि संख्या यांच्या जोड्यांची यादी आहे असे तिथेच लिहा. मोकळे व्हेरिएबल राहिलेच नाही की कंपायलराला काही ठरवावे लागत नाही. मी वरच्या पातळीवरच्या प्रत्येक रेफ, अॅरे आणि हॅश टेबलला टाइप लिहितोच. वाचणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो.

तिसरी अडचण भाषेची नसून 'प्रोग्रॅम केव्हा सुरू होतो' याची आहे. एमएलटनमध्ये वरच्या पातळीवरच्या सगळ्या घोषणा म्हणजेच प्रोग्रॅम. एक्झिक्युटेबल चालवले की त्या वरून खाली एकेक करून चालतात. पॉली एमएलची बांधणी वेगळ्या तत्त्वावर आहे. तिथे फाईल वाचली जातानाच वरच्या घोषणा चालतात, त्यातून मेमरीत जे काही तयार झाले ते जसेच्या तसे एक्झिक्युटेबलमध्ये ठेवले जाते, आणि ते चालवल्यावर फक्त 'मेन' नावाचे फंक्शन बोलावले जाते. एनजेमध्ये हीप इमेज, म्हणजे मेमरीची प्रत, काढून ठेवली तरी हेच घडते. त्यामुळे तुमची इंग्रजी ओळ बांधणीच्या वेळी उमटली, आणि कमांड लाइनवरची नावे म्हणून जे वाचले गेले ते बांधणीच्या क्षणी तिथे जे काही होते ते. ते मूल्य गोठून प्रोग्रॅमात बसले आहे. वरच्या पातळीवर घड्याळ वाचून ठेवले, यादृच्छिक संख्येचे बीज घेतले, किंवा लिहिण्यासाठी फाईल उघडून ठेवली, तरी असेच होईल. उघडून ठेवलेल्या फाईलीचा प्रकार तर फारच त्रासदायक ठरतो, कारण दुसऱ्या दिवशी चालवलेल्या प्रोग्रॅमच्या हाती आदल्या दिवशीची, केव्हाच बंद झालेली फाईल असते.

यासाठी बाहेरच्या जगाशी संबंध असलेली प्रत्येक गोष्ट फंक्शनच्या आत न्या. वरच्या पातळीवर फक्त फंक्शने, टाइप आणि बाहेरच्या जगावर अवलंबून नसलेली मूल्ये ठेवा. मेनला बोलावणारी ओळ मुख्य फाईलमध्ये नको. एमएलटनसाठी ती एका वेगळ्या छोट्या फाईलीत ठेवा आणि ती फाईल फक्त एमएलटनच्या यादीत घाला. पॉली एमएल मेनला स्वतःहून बोलावतो, त्याला ती फाईल दिली तर बांधणीच्या वेळीच सगळे काम एकदा होऊन जाईल.

---

जिज्ञासू

सर्वांचे मनापासून आभार. मेनला बोलावणारी ओळ माझ्याकडे आधीपासून वेगळ्या फाईलीत होती. कमांड लाइन वाचणे मेनच्या आत नेले आणि रेफला टाइप लिहिला. आता तिन्हीकडे प्रोग्रॅम बांधला जातो आणि मित्राकडे फाईलही वाचली जाते. हॅश इंटइन्फमध्ये नेल्यावर 'घर' चे उत्तर तिन्ही ठिकाणी ५६९१३५९८२ येते.

यातून तीन नवे प्रश्न उभे राहिले आहेत. कोणत्या शब्दांवर काम चालू आहे हे दाखवण्यासाठी मी एक देवनागरी संदेश प्रोग्रॅमात थेट अवतरणचिन्हांत लिहिला. एमएलटनने तो नाकारला. हाही मोकळ्या जागेचाच प्रकार आहे का? दुसरे म्हणजे, माझे एक फंक्शन फाईलीतल्या दोन लागोपाठच्या ओळी वाचून त्यांची जोडी परत देते. मित्राने तेच ओकॅमल या जवळच्या भाषेत उतरवले तेव्हा ओळी उलट क्रमाने आल्या. स्टँडर्ड एमएलमध्येही एखादा कंपायलर असे करू शकेल का? आणि तिसरे, एखादा फरक खरोखर कंपायलरची चूक आहे हे ओळखायचे कसे?

---

उंबरठा

देवनागरी संदेशाच्या बाबतीत एमएलटन व्याख्येला अक्षरशः चिकटून आहे. व्याख्येप्रमाणे अवतरणचिन्हांच्या आत ३३ ते १२६ क्रमांकांची छापता येणारी चिन्हे, रिकामी जागा आणि उलट्या तिरप्या रेषेने सुरू होणाऱ्या खुणा एवढेच येऊ शकते. क हे अक्षर २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटांचे आहे आणि हे तिन्ही क्रमांक त्या पट्ट्याच्या बाहेर आहेत. इथे तीन वाटा आहेत. प्रत्येक बाइट उलट्या रेषेमागे तीन अंकांत लिहिता येतो. ते सर्वत्र चालते, पण वाचवत नाही. एमएलटनच्या बांधणीच्या फाईलीत विस्तारित अक्षरांना परवानगी देणारी सूचना लिहिता येते. ती फक्त एमएलटनला कळते. तिसरी वाट मला सर्वांत स्वच्छ वाटते: सगळे मराठी संदेश एका वेगळ्या मजकूर फाईलीत ठेवून प्रोग्रॅम सुरू होताना वाचून घ्यावेत. वाचलेल्या मजकुरावर असे कोणतेही बंधन नाही, कारण भाषेच्या दृष्टीने तो फक्त बाइटांची माळ असतो. एनजेच्या खिडकीत तुमचा शब्द अक्षरांऐवजी अशा तीन-तीन अंकांत दिसला तर घाबरू नका; ती फक्त दाखवण्याची पद्धत आहे, छापण्याच्या फंक्शनला दिला की तो नीट उमटतो.

---

कातळ

क्रमाच्या प्रश्नाचे उत्तर ठाम 'नाही' असे आहे, आणि मला ही भाषा आवडण्याचे ते एक मोठे कारण आहे. स्टँडर्ड एमएलमध्ये जोडीचे घटक डावीकडून उजवीकडेच काढले जातात, आधी फंक्शन आणि मग त्याला दिलेले मूल्य, हे व्याख्येच्या नियमांतच आहे. कंपायलर आतून कितीही उलथापालथ करो, बाहेर दिसणारा परिणाम, म्हणजे वाचन, लेखन आणि कोणते एक्सेप्शन आधी उठले हे, त्या क्रमानेच असले पाहिजे. तुमचे फंक्शन तिन्ही कंपायलरांवर पहिली ओळ आधीच वाचणार.

ओकॅमलच्या मॅन्युअलमध्ये हा क्रम निश्चित केलेला नाही असे स्पष्ट लिहिले आहे, आणि प्रत्यक्षात तिथे बहुधा उजवीकडून सुरुवात होते. मित्राने पहिली ओळ आधी एका 'लेट'मध्ये वाचावी, दुसरी त्याच्या पुढच्या 'लेट'मध्ये, आणि मग जोडी करावी. स्टँडर्ड एमएलमध्येही असे लिहायला हरकत नाही. उद्या प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत नेणाऱ्याचे काम हलके होते.

---

सह्यवासी

खरी चूक ओळखण्याबाबत माझी पद्धत सांगतो. फरक दिसला की प्रोग्रॅम छाटत जायचा, फरक टिकवणाऱ्या दहा-पंधरा ओळी राहीपर्यंत. मग त्या ओळी कशाच्या हद्दीत येतात ते पाहायचे: टाइप आणि मूल्य काढणे असेल तर व्याख्या, लायब्ररीतले फंक्शन असेल तर बेसिस लायब्ररीचे वर्णन, फाईली जोडणे आणि बांधणी असेल तर त्या-त्या कंपायलरचे मॅन्युअल, कारण अनेक फाईलींचा प्रोग्रॅम कसा जुळवायचा याबद्दल व्याख्या काहीच सांगत नाही. व्याख्येच्या हद्दीतली गोष्ट असेल तर हॅमलेट या इंटरप्रिटरवर ती चालवून पाहावी. तो मुद्दाम व्याख्येच्या नियमांना धरून लिहिलेला आहे. वेगाने चालत नाही, पण वाद मिटवण्यासाठी साक्षीदार म्हणून उत्तम आहे.

एनजेच्या बाबतीत आणखी एक लक्षात ठेवा. त्याने भाषेत स्वतःची भर घातली आहे: एकाच ओळीत अनेक पर्याय देणारे पॅटर्न, व्हेक्टर थेट लिहिण्याची सोय, फंक्टरला (मॉड्यूल घेऊन नवे मॉड्यूल देणाऱ्या रचनेला) फंक्टर देण्याची मुभा. या गोष्टी सोयीच्या आहेत, पण १९९७ च्या व्याख्येत नाहीत. पॅटर्न आणि व्हेक्टर यांच्यासाठी एमएलटनमध्ये वेगळी परवानगी मागता येते, फंक्टरसाठी नाही. एनजेवर कंपाइल झाले म्हणजे ते स्टँडर्ड एमएल आहे असे धरू नये. एमएलटनच्या मॅन्युअलमध्ये एनजे व्याख्येपासून कुठे वेगळा आहे याची उदाहरणांसह यादी दिली आहे; ती एकदा शांतपणे वाचण्यासारखी आहे. मी स्वतः लिहायला एनजेवर लिहितो, पण दिवसाअखेरीस एमएलटनकडून टाइप तपासून घेतल्याशिवाय काम पुरे झाले असे मानत नाही.

---

जिज्ञासू

हॅश इंटइन्फमध्ये नेल्यापासून मोठ्या फाईलींवर प्रोग्रॅम जाणवण्याइतका हळू झाला आहे. एमएलटनमध्ये ओव्हरफ्लोची तपासणीच बंद करणारा एक पर्याय आहे असे वाचले. इंटमध्ये परत जाऊन तो पर्याय वापरावा, की कातळ यांनी सांगितल्याप्रमाणे वर्ड ३२ घ्यावा?

---

कातळ

तो पर्याय वापरू नका. तो तुमच्या हॅशपुरता लागू होत नाही. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक बेरजेची आणि गुणाकाराची तपासणी जाते, वारंवारता मोजणाऱ्या बेरजेचीही. शिवाय ओव्हरफ्लो उठेल हे गृहीत धरून कोणी तो पकडणारा कोड लिहिला असेल, लायब्ररीत असा कोड असतो, तर तोही निकामी होतो. भाषेने दिलेली हमी एका फंक्शनच्या सोयीसाठी सगळ्या प्रोग्रॅमवरून काढून घेणे योग्य नाही.

वर्ड ३२ घ्या. १००००००००७ ने बाकी काढण्याची पायरी मग प्रत्येक बाइटला लागणारच नाही. गुणाकार आणि बेरीज ३२ बिटांत आपोआप फिरत राहतील आणि तिन्ही कंपायलर एकच उत्तर देतील. हॅशचे आकडे मात्र बदलतील, त्यामुळे आधी लिहून ठेवलेल्या सूचीच्या फाईली पुन्हा तयार कराव्या लागतील.

शेवटी टेबलातली जागा काढण्यासाठी वर्डचा इंट करावा लागतो, तिथे क्रम सांभाळा. 'घर' चा वर्ड ३२ हॅश २२७४१६८७२८ येतो. तो आधी इंटमध्ये नेला तर एनजेवर चालेल, पण एमएलटनवर ३२-बिट इंटच्या मर्यादेबाहेर जाऊन पुन्हा ओव्हरफ्लो उठेल. म्हणून टेबलाच्या आकाराने भागून बाकी काढणे वर्ड ३२ मध्येच उरकून घ्या, आणि ती छोटी बाकी तेवढी इंटमध्ये न्या. चिन्हासह रूपांतर करणारे दुसरे फंक्शन वापरून ओव्हरफ्लो चुकवण्याचा मोह होईल. एमएलटनवर ते याच शब्दासाठी ऋण संख्या देईल, आणि अॅरेला ऋण जागा दिली की 'सबस्क्रिप्ट'चे एक्सेप्शन मिळेल.